पुट अपच्या चौतीस चिठ्ठ्या

इंग्रजी अवघड आहे असं जे म्हणतात, त्यांची माझी गाठ पडलेली नसते, एवढंच! मी शिकवायला बसलो तर विजेच्या खांबालाही इंग्रजी येईल. हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात मी एकोणीस वर्षं आवक-जावक विभाग सांभाळतोय आणि इंग्रजीतून आलेलं प्रत्येक पत्र आधी माझ्या टेबलावर येतं. मी ते वाचतो, गंभीर चेहरा करतो, शिक्का मारतो आणि पुढच्या टेबलावर ढकलतो. एकोणीस वर्षांत एकानंही येऊन मला विचारलं नाही, की पत्रात काय होतं. एवढा लोकांचा विश्वास!

तर झालं असं, की बायकोला मुलाखतीचं पत्र आलं. ती डोळ्यांच्या इस्पितळात परिचारिका आहे. तिथल्या मुख्य परिचारिका निवृत्त होणार होत्या आणि त्या जागेसाठी तिघींना बोलावलं होतं. या जागेवर तिचा बारा वर्षं डोळा होता. याआधी दोनदा संधी आली होती. पहिल्या वेळी आप्पा, म्हणजे माझे वडील, दोन महिने अंथरुणाला खिळले होते. दुसऱ्या वेळी मला सर्दी झाली होती. दोन्ही वेळा तिनं अर्जच केला नाही. या खेपेलाही जागा हुकली, तर तिच्याहून आठ वर्षांनी लहान बाई तिच्या डोक्यावर येऊन बसणार होती आणि पुढची पंधरा वर्षं तिला "हो ताई" म्हणत काढावी लागणार होती.

पत्रात लिहिलं होतं: शनिवारी सकाळी अकरा वाजता हजर राहावे. मूळ प्रमाणपत्रे सोबत नसल्यास मुलाखत घेतली जाणार नाही. आणि सर्वांत खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, "इंग्रजीचे कामचलाऊ ज्ञान असल्यास उत्तम."

"हे बघ!" मी त्या मुंग्यांवर बोट ठेवलं. "सगळी मेख इथं आहे!"

"अहो, ते असंच लिहितात," बायको म्हणाली. "विचारतील ते वॉर्डाबद्दल. पाळ्या कशा लावाल, औषधं संपली तर काय कराल. मला जरा कुणीतरी तसे प्रश्न विचारून सराव करून घ्या."

"वॉर्डाचं तुला सगळं येतंच! जे येतं त्याचा सराव करून काय मिळणार? इंग्रजीचं बोल. 'पुट अप' म्हणजे काय?"

"वर ठेवणे?"

मी नुसता हसलो. कीव आल्यावर मी जसा हसतो, तसा. (बायकोला ते हसू बावीस वर्षं आवडत नाही.) मी शब्दकोश उघडून तिच्यापुढे धरला. एकट्या 'पुट अप'ला दीड रकाना दिला होता! इमारत उभारणे म्हणजे पुट अप. छत्री उघडणे म्हणजे पुट अप. भिंतीवर तसबीर लावणे, पाहुण्याला घरी ठेवून घेणे, भाव वाढवणे, केस वर बांधणे, निवडणुकीला उमेदवार उभा करणे, घर विकायला काढणे, झुंज देणे, सगळं पुट अप! शेपटाला एक 'विथ' लावलं, की मुकाट्यानं सहन करणे. एखाद्याला फूस लावून पुढे करणे, तेही हेच. या इंग्रजांना बाकीचे शब्द कुणी वापरू देत नव्हतं की काय, देव जाणे.

"ज्याला पुट अप कळलं, त्याला इंग्रजी कळलं!" मी जाहीर केलं.

"मला ही सगळी वाक्यं पाठ होणार नाहीत," बायको म्हणाली.

"पाठ करायचीच नाहीत. माझी पद्धत वेगळी आहे. मी चौतीस चिठ्ठ्यांवर चौतीस वाक्यं लिहिणार आणि घरभर चिकटवणार. तू जिकडे बघशील तिकडे पुट अप! येता-जाता, उठता-बसता, आपोआप डोक्यात शिरेल."

बायकोनं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. आमच्या घरात वादाच्या वेळी वर्तमानपत्र फार उपयोगी पडतं.

आता इथं घराचा नकाशा सांगणं भाग आहे. घर दुमजली. खाली आम्ही आणि आप्पा, वर दादा आणि वहिनी. बाहेरचं दार एकच. दार उघडलं की समोर वर जाणारा जिना आणि डावीकडे आमच्या खोल्या. आप्पांचा एक जुना नियम होता. मुलांत भांडण नको म्हणून ते प्रत्येक वस्तू दोन आणायचे. दोन कपाटं, दोन टेबलं, दोन घड्याळं, दोन आरसे, अगदी किल्ल्या टांगायच्या फळ्यासुद्धा दोन! एकाच दुकानातल्या, एकाच रंगाच्या. त्यामुळे दादाच्या आणि माझ्या घरात फरक एवढाच, की त्याच्या घरातलं सामान वहिनींमुळे चकचकीत असायचं. आमचंही बायकोमुळे असायचं. मी मध्ये येतो हे मान्य आहे.

नेमकं त्याच शनिवारी दादाचं बिऱ्हाड हलणार होतं. त्यानं गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, नवं घर घेतलं होतं. शुक्रवारी सामान हलवणाऱ्या कंपनीचा मुकादम येऊन वहिनींना सगळं समजावून गेला. वहिनींनी खाली येऊन ते आम्हालाही समजावलं, असं आता सगळे म्हणतात. मी तेव्हा शब्दकोशात होतो. माझ्या कानावर एवढंच पडलं, की सकाळी आठला गाडी येणार आणि दादा-वहिनी पुढे जाऊन नवं घर उघडणार.

संध्याकाळी मी कामाला लागलो. पण माझ्या पांढऱ्या चिठ्ठ्या काही केल्या चिकटेनात! डिंक लावला तर ओल्या व्हायच्या, वाळल्या की गळून पडायच्या. पंख्याच्या वाऱ्यानं तीन चिठ्ठ्या आप्पांच्या चहात गेल्या. वैतागून मी जिन्यावर येऊन बसलो, तर पायरीवर कोऱ्या पिवळ्या चिठ्ठ्यांचं एक पुडकं पडलेलं! सुटी होणारी पानं, मागे तयार गोंद, दाबलं की चिकटलं. वर वहिनींचं काम उरकून उरलेलं असणार. नशीब कसं पायरीवर येऊन बसतं बघा!

तासाभरात चौतीसच्या चौतीस लागल्या. कपाटावर लावली, "आम्ही पाहुण्यांना घरी ठेवून घेतो." टेबलावर "त्यांनी घर विकायला काढलं." आरशावर "ती केस वर बांधते." घड्याळावर "त्यानं शर्थीची झुंज दिली." किल्ल्यांच्या फळीवर, पलंगावर, शिवणयंत्रावर, रेडिओवर, सगळीकडे इंग्रजीतून, माझ्या वळणदार अक्षरात. शेवटची उरली ती आप्पांच्या आरामखुर्चीच्या पाठीला लावली, "आप्पा सगळ्यांना सहन करतात." पुट अप विथ!

"हे सगळं उद्या दुपारी काढायचं हं," बायको म्हणाली. तिनं प्रमाणपत्रांची फाइल कपाटात ठेवली, चांगली साडी आत समोरच अडकवली आणि कपाट बंद केलं. तेवढ्यात तिनं दारावरची ती पाहुण्यांची चिठ्ठी वाचली आणि चक्क अर्थही सांगितला! मी कृतार्थ झालो.

शनिवारी आठाच्या ठोक्याला गाडी आली. मुकादम म्हणजे पिळदार मिशांचा, कमी बोलणारा माणूस, बरोबर चार हमाल. दादा-वहिनी त्यांना वरचं सामान दाखवून पुढे निघून गेले. जाताना वहिनी मुकादमाला म्हणाल्या, "सगळं ध्यानात आहे ना?"

"पिवळी चिठ्ठी बघतो, बाई. काळजी नको."

मी हे ऐकलं. माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलं! पण मुलाखतीची जबाबदारी डोक्यावर असली, की माणसाचं लक्ष क्षुल्लक गोष्टींकडे जात नाही.

पावणेनऊला बायको मागच्या न्हाणीघरात केस धुवायला गेली. जाताना म्हणाली, "अहो, मी येईपर्यंत जरा घरात लक्ष ठेवा. एवढं एकच काम करा."

घरात काय लक्ष ठेवायचं? घर काय पळून जाणार होतं? खरी गरज बाहेर होती. दादाचं सामान आणि देखरेखीला घरचं माणूस नाही! मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. दारातून कपाट आलं. दादाचं कपाट! "सावकाश, सावकाश! कोपरा सांभाळा!" मी ओरडलो. मग टेबल आलं. मग पलंग. मग आरसा. थोड्या वेळानं आणखी एक कपाट आलं. मी मनात म्हटलं, दादानं गुपचूप दुसरं घेतलं वाटतं. मोठा नोकरदार माणूस, त्याला काय कमी! पुन्हा टेबल आलं, तेव्हा मला दादाचा जरा रागच आला. आप्पांनी समसमान दिलं होतं आणि यानं वरच्यावर वाढवून ठेवलं!

"साहेब, हे शिवणयंत्रपण ना?" मुकादमानं विचारलं.

"घ्या, घ्या! काही ठेवू नका!" मी म्हणालो. वहिनी शिवणकाम कधी शिकल्या, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. आला आणि गेला.

मग हमालांना चहा द्यावा असं मनात आलं, तर आठवलं, चहाची पूड सकाळीच संपली होती. मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदाराला पुट अपचे चार अर्थ सांगितले. तो बिचारा ऐकत राहिला, कारण गल्ल्यामागून बाहेर पडायला वाट नव्हती. परत आलो तर गाडी निघालेली. मागच्या बाजूनं कुणीतरी हात हलवत होतं. मीही हलवला. किती आपुलकीची माणसं! अशी माणसं हल्ली मिळत नाहीत.

घरात शिरलो तर बायको बैठकीच्या खोलीच्या मधोमध उभी होती. अंगात गाऊन, डोक्याला पंचा. तिच्याभोवती खोली नव्हती. म्हणजे भिंती होत्या, भिंतींच्या आत काही नव्हतं.

"आपलं कपाट कुठंय?" तिनं विचारलं. आवाज अगदी शांत. तिचा आवाज शांत झाला की मी दाराजवळ सरकतो.

"कपाट... इथंच होतं..."

"ते मलाही माहीत आहे."

मी आतल्या खोलीत धावलो. पलंग नाही. टेबल नाही. घड्याळ नाही, त्यामुळे नक्की किती वाजले तेही कळेना. भिंतीवर जिथं आरसा होता तिथं चौकोनी पांढरा डाग. मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घराची फरशी पूर्ण पाहिली, चांगली आहे.

"चिठ्ठ्या कुठल्या कागदावर लिहिल्यात तुम्ही?" बायकोनं विचारलं.

"पिवळ्या. जिन्यावर सापडल्या. छान चिकटत होत्या."

तिनं डोळे मिटले. "वहिनींनी काल सांगितलं होतं. ज्या वस्तूला पिवळी चिठ्ठी, ती गाडीत. नसेल, तिला हात लावायचा नाही. तुम्ही समोर बसला होतात!"

"पण त्यावर इंग्रजीत वाक्यं होती! त्यांनी वाचायला नको?"

"तुमच्या कार्यालयात तुम्ही वाचता?"

हा घाव वर्मी होता. मी विषय बदलायला म्हणून म्हणालो, "आप्पांना विचारू, ते इथंच बसले होते." आणि मग आम्हा दोघांचंही एकदम आरामखुर्चीच्या जागेकडे लक्ष गेलं.

खुर्ची नव्हती. आप्पाही नव्हते. आप्पांचे जोडे मात्र तिथंच होते.

मला तो हलणारा हात आठवला. माझं धाबं दणाणलं! मी घराच्या थोरल्या माणसाला टाटा केला होता!

पुढचं सगळं बायकोनं केलं, हे प्रामाणिकपणे सांगतो. मी मधूनमधून "अरे बापरे" म्हणत होतो. दोघांचे फोन टेबलाबरोबर गेले होते. स्कूटरची किल्ली फळीबरोबर गेली होती. साडी कपाटात, पर्स कपाटात, फाइल कपाटात. मागच्या अंगणात दोरीवर तिचा इस्पितळाचा गणवेश वाळत होता. दोरीला मी चिठ्ठी लावली नव्हती, म्हणून तो वाचला. अजून चांगलाच ओला होता. तिनं तो तसाच अंगावर चढवला. केस मोकळेच होते, ते तिनं दोन हातांत पिळून वर बांधले.

"पुट अप!" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिला शब्दकोशात अर्थ नाही.

शेजाऱ्यांच्या घड्याळात सव्वानऊ होऊन गेले होते. माझ्या खिशात टॅक्सीपुरते पैसे निघाले. वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती, ओल्या बाह्यांमुळे कुडकुडत होती. एकदाच बोलली. "बारा वर्षं," एवढंच. मी म्हणालो, "मिळेल गं फाइल." पण खरं सांगू? त्या वेळी मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. टॅक्सीत धरणी नव्हती.

दादाच्या नव्या इमारतीपाशी पोहोचलो तर गाडी अर्धी रिकामी झालेली. आणि मागच्या फळीवर, आरामखुर्चीत, पायावर पाय टाकून, आप्पा! शेजारी आमचं घड्याळ टिकटिक करत होतं. दहा वाजून पाच मिनिटं.

वरच्या मजल्यावरून वहिनींचा आवाज येत होता. "दोन पलंग? दोन आरसे? अहो मुकादम, माझ्या यादीत एकच आहे! आणि हे 'केस वर बांधते' कोण?"

"कपाट कुठंय?" बायकोनं मुकादमाला विचारलं.

"एक वर पोचलं, ताई. दुसरं अडकलंय."

दुसरं म्हणजे अर्थातच आमचं! दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर ते असं रुतून बसलं होतं, की पुढे जाईना, मागे येईना. दारं भिंतीकडे. खाली दोन हमाल, वर दोन हमाल, आणि त्यांच्याही वर दादा, बनियनवर, दोन्ही हात पसरून नुसता उभा. आता मी मार्गदर्शन केलं पाहिजे हे उघड होतं.

"डावीकडून उचला! नाही, माझ्या डावीकडून! अरे, तिरकं करा! दादा, तू वरून ढकल!"

दादानं वरून ढकललं. कपाट होतं तिथून आणखी चार बोटं आत रुतलं आणि खालचा एक हमाल भिंतीला चिकटला.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही खाली जा. आप्पांजवळ बसा. आणि बोलू नका."

"पण मी..."

"बोलू नका म्हटलं ना!"

मी गाडीत चढून आप्पांजवळ बसलो. पाठीमागून बायकोचा आवाज येत होता. ज्या आवाजात ती ऑपरेशनच्या दिवशी रुग्णाच्या नातेवाइकांना बाकावर बसवते, तो आवाज. "भाऊजी, हात काढा. वरचे दोघं, फक्त धरून ठेवा. मुकादम, पाय पेचाचे आहेत, आधी मागचे दोन काढा."

आप्पा माझ्याकडे बघत नव्हते.

"आप्पा, तुम्ही त्यांना थांबवलं का नाहीत?" मी विचारलं. "चार माणसं तुम्हाला खुर्चीसकट उचलतात आणि तुम्ही गप्प?"

"मुकादम म्हणाला, आजोबा, उठता का? मी विचारलं, का? तर म्हणाला, खुर्चीला चिठ्ठी आहे. मी म्हटलं, असेल." आप्पांनी अनवाणी पाय जवळ ओढले. "मला वाटलं, तुम्ही दोघा भावांनी ठरवलं असेल. थोरला नेतोय. सांगायला कुणाचं तोंड उघडलं नसेल, म्हणून चिठ्ठी लावली."

"आप्पा!"

"त्यात काय एवढं? उद्या सूनबाई मोठ्या जागेवर गेली, की घरी म्हाताऱ्याकडे कोण बघणार? न्यावं, माझं काही म्हणणं नाही. पण तोंडानं सांगावं रे. जोडे तरी घालू द्यायचे."

आयुष्यात इतकं वाईट मला क्वचितच वाटलं असेल. मी त्यांचे पाय मांडीवर घेतले, गार पडले होते, आणि सगळं सांगितलं. पिवळ्या चिठ्ठ्यांचं पुडकं, पुट अप, चौतीस वाक्यं, सगळं. सांगताना ते माझं मलाच फार बावळटपणाचं वाटायला लागलं. आधी इतकं वाटलं नव्हतं.

"मग माझ्या खुर्चीवर काय लिहिलंयस?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा सगळ्यांना सहन करतात."

आप्पांनी मान मागे टाकली. "तेवढं बरोबर लिहिलंस," ते म्हणाले. पण पाय काढून घेतले नाहीत.

वर धाडकन आवाज झाला. मग हमालांचा एकच कल्ला! बायको जिना उतरत आली तेव्हा तिच्या एका हातात फाइल होती आणि दुसऱ्या हाताला गंजाचा लांब ओरखडा. पाय काढल्यावर कपाट वीतभर खाली बसलं, दार चार बोटं उघडलं आणि तेवढ्या फटीतून हात घालून तिनं फाइल ओढून काढली होती. साडी काही त्या फटीतून येण्यासारखी नव्हती. कपाट अजून तिथंच होतं, त्याचं तिला काही देणंघेणं उरलं नव्हतं.

घड्याळात दहा पस्तीस. रस्त्यावर टॅक्सीचा पत्ता नाही.

"ताई, बसा," मुकादम ड्रायव्हरकडे खूण करत म्हणाला. त्यानं पुढचं दार उघडून धरलं. वीस वर्षं सामान हलवतोय म्हणे, पण एवढ्या फटीतून कुणी काही काढलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

"आप्पांना आधी उतरवा," मी म्हणालो.

"मी उतरत नाही," आप्पा म्हणाले. "तिसरा मजला आहे. माझे गुडघे काय त्या कपाटासारखे काढता येतात का? आणि मला बघायचंय, ती वेळेत पोचते का."

अशा रीतीनं आम्ही निघालो. पुढे ड्रायव्हर, बायको आणि मुकादम. मागे उघड्या गाडीत आरामखुर्चीत आप्पा, अनवाणी. त्यांची खुर्ची घसरू नये म्हणून तिला मिठी मारून खाली बसलेला मी. माझ्या डोक्याला दर वळणावर रेडिओ लागत होता.

इस्पितळाच्या फाटकात गाडी शिरली तेव्हा अकराला चार मिनिटं होती. बायको उडी मारून उतरली, मागे वळून आप्पांना म्हणाली, "खाली वाकू नका, सांभाळून बसा," आणि आत गेली. मला काही म्हणाली नाही. मी तरीही अंगठा दाखवला. पहिल्या मजल्याच्या खिडकीत तीन माणसं उभी राहून आमच्याकडे बघत होती. मी त्यांनाही दाखवला. ती तिघं मुलाखत घेणारी होती, हे मागाहून कळलं.

ती बाहेर आली पाऊण तासानं. गणवेश अंगावरच वाळला होता.

"झालं? पुट अप विचारलं?" मी विचारलं.

"नाही."

"मग कुठला शब्द विचारला?"

"एकही नाही. सगळी मुलाखत आपल्याच भाषेत झाली. प्रमुख डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, की खाली गाडीत ते खुर्चीतले गृहस्थ कोण आणि त्यांच्या पायाशी पडलेला तो माणूस कोण. मग मी सकाळपासूनचं सगळं सांगितलं. निवृत्त होणाऱ्या ताई हसून हसून रडल्या. नंतर पाळ्यांचं विचारलं, औषधांचं विचारलं. मी म्हटलं होतं तेच."

एवढ्यावर थांबावं हे मला कळायला हवं होतं. पण शिक्षकाला आपल्या शिकवण्याचं फळ दिसलं की राहवत नाही.

"म्हणजे माझ्या चिठ्ठ्या नसत्या, तर त्यांच्यावर तुझी छाप पडलीच नसती!" मी म्हणालो.

मुकादमानं मिशीवरून हात फिरवला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चल रे, यांचं कपाट काढायचंय अजून."

आमचं सामान परत यायला दोन दिवस लागले. दादाकडचं एक घड्याळ आमच्याकडे आलं आणि आमचं त्याच्याकडे राहिलं असावं, पण ते कुणाला ओळखता येणार? आप्पा त्याच दिवशी परत आले. बायकोनं स्वतः त्यांच्या पायात जोडे घातले आणि सांगितलं, "मी कुठल्याही जागेवर गेले तरी तुम्ही इथंच राहायचं. हे तोंडानं सांगतेय." आप्पांनी लगेच वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, पण ते उलटं होतं.

बुधवारी पत्र आलं. मी कार्यालयात निघालो होतो, बायकोची इस्पितळातली पाळी सुरू व्हायला अर्धा तास होता, आप्पा नव्यानं पाय लावलेल्या कपाटाकडे संशयानं बघत बसले होते. पाकीट मीच फोडलं आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. जागा तिलाच मिळाली होती! आप्पांनी टाळ्या वाजवल्या. बायको भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

मी पुढे वाचत होतो. "'घरची परिस्थिती अत्यंत प्रतिकूल असतानाही उमेदवाराने जे प्रसंगावधान आणि जो संयम दाखवला, तो विचारात घेऊन समितीने एकमताने...'"

मी थांबलो. ती ओळ पुन्हा वाचली. मला ते जरा लागलंच. आम्ही सुखवस्तू माणसं, सगळ्या वस्तू दुकानातून नव्या आणलेल्या. लोकांना वाटेल काय?

"प्रतिकूल परिस्थिती?" मी म्हणालो. "आपल्या घरात? कुठंय गं परिस्थिती?"

आप्पा छताकडे बघायला लागले.

"ती आत्ता पत्र वाचतेय," बायको म्हणाली, आणि पाळीला उशीर नको म्हणून चपला घालून निघून गेली.